सूर्याच्या डागांची वही

चंद्रावर डाग असतात हे आपण लहानपणापासून ऐकतो. डाग सूर्यावरही असतात. साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यात ते वाढतात, कमी होतात. त्यांची नोंद माणसांनी चारशे वर्षं हाताने चित्रं काढून ठेवली आहे.

1612 साली इटलीत गॅलिलिओ अशी चित्रं काढत होता. दुर्बिणीतून थेट सूर्याकडे बघितलं तर डोळाच जायचा. त्याच्या कास्तेल्ली नावाच्या शिष्याने युक्ती काढली. दुर्बिणीमागे पांढरा कागद धरायचा, त्यावर सूर्याचा गोल उमटतो, आणि डाग दिसेल तिथेच गिरवायचा. (हे घरी करून बघू नका हं, मुलांना तर मुळीच करू देऊ नका.) रोजची चित्रं शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा डाग सरकताना दिसले. म्हणजे सूर्य स्वतःभोवती फिरतो! एकाच चित्रावरून हे कळलं नसतं.

पण आज आम्हाला सांगायचंय ते जपानच्या हिसाको कोयामाबाईंबद्दल. जन्म 1916चा, शिक्षण मुलींच्या हायस्कूलपर्यंत. वडिलांनी त्यांना छोटी दुर्बीण दिली होती. 1944 साली, ऐन महायुद्धात, बाईंनी ती सूर्याकडे वळवली, दिसलं ते कागदावर काढलं आणि यामामोतो नावाच्या जाणकार खगोलशास्त्रज्ञांना पाठवलं. हे सौरडागच आहेत, असं त्यांनी कळवलं. पुढे 1946 मध्ये बाईंना टोकियोच्या विज्ञान संग्रहालयात काम मिळालं. तिथल्या मोठ्या दुर्बिणीवर 1947 ते 1984 त्या डाग काढत राहिल्या. दहा हजारांहून जास्त चित्रं झाली!

तुम्ही म्हणाल, तेव्हा कॅमेरा नव्हता का? होता की. इंग्लंडची ग्रीनिच वेधशाळा 1874 पासून सूर्याचे फोटो काढत होती. पण तापलेल्या हवेने सूर्याचं बिंब सारखं थरथरतं. हवा क्षणभर स्थिर झाली की डोळा बारीक डाग टिपतो, हात तो मांडतो. शिवाय पन्नास वर्षांपूर्वीची मोजणी आजच्या मोजणीशी ताडून बघायची, तर मोजायची पद्धत तीच हवी. माप बदललं की हिशेब चुकतो, हे दूध घालणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. बाईंच्या चित्रांत माणूस तोच, पद्धत तीच, चाळीसेक वर्षं.

हा हिशेब हवा कशाला? मोठ्या डागांच्या जागी सूर्यावर स्फोट होतात, त्यांचा फटका पृथ्वीपर्यंत येतो. मार्च 1989 मध्ये कॅनडातल्या क्युबेक प्रांतात अशाच सौरवादळाने नऊ तास वीज गेली होती.

अलीकडे शास्त्रज्ञांनी 1610 पासूनच्या वेगवेगळ्या लोकांच्या डागनोंदी एकत्र जुळवायला घेतल्या. कुणी जास्त डाग मोजलेले, कुणी कमी, कुणाची वही मध्येच बंद पडलेली. विसाव्या शतकातला दुवा नीट बसवायला त्यांना कोयामाबाईंचीच चित्रं कामी आली.