पेशींची गोष्ट (लेखांक ९) : मेंदूच्या दारात अडलेली फौज

जयपूरच्या मानसरोवरमधून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नोकरीच्या निमित्ताने तिथे स्थिरावलेलं मराठी कुटुंब. दिरांना ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा कर्करोग, निघाला. ऑपरेशन झालं, टाके सुकले, आता रेडिएशन सुरू होईल. तिकडे त्याला सिकाई म्हणतात, आपल्याकडे शेक. त्या विचारतात, ‘सोबत इम्युनोथेरपीही दिली तर दुप्पट फायदा होईल ना? गावाकडची जमीन विकायची आमची तयारी आहे.’ ही जमिनीची ओळ वाचल्यावर ठरवलेला विषय बाजूला ठेवला. आजचा लेखांक या पत्राचं उत्तर आहे.

आधी नेहमीचे उपचार. गाठ जितकी सुरक्षितपणे काढता येईल तितकी काढायची, मग सहा आठवड्यांत तीस वेळा रेडिएशन, त्या काळात रोज टेमोझोलोमाइडच्या गोळ्या आणि पुढे महिन्यातून पाच दिवस त्याच गोळ्या. २००५ साली रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांनी ५७३ रुग्णांवरच्या चाचणीतून हा क्रम पक्का केला. गोळ्यांमुळे मध्यम आयुर्मान १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेलं. हे अडीच महिने थोडे वाटतात. पण दोन वर्षांनंतर हयात असलेले रुग्ण नुसत्या रेडिएशनच्या गटात शंभरात दहा होते, गोळ्या घेतलेल्यांत सव्वीस. खरं मोल या दुसऱ्या आकड्याचं आहे.

यात इम्युनोथेरपीची भर घालावी, ही कल्पना वेडी नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलने अशी भर घालून दाखवली आहे, मात्र दुसऱ्या कर्करोगात. तोंडा-घशाचा, बरा होण्यापलीकडे गेलेला कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांपैकी काहींना तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांसोबत निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं, तेही दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. गरीब रुग्ण डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या या कामाचा मला फार अभिमान वाटतो.

हेच निवोलुमॅब ग्लायोब्लास्टोमात मोठ्या चाचण्यांत हरलं. रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडसोबत ते ७१६ रुग्णांच्या चाचणीत तपासलं गेलं; टेमोझोलोमाइड अधिक लागू पडणारेच रुग्ण तिच्यात निवडले होते. औषध मिळालेल्यांचं मध्यम आयुर्मान २८.९ महिने, न मिळालेल्यांचं ३२.१. दुसऱ्या चाचणीत टेमोझोलोमाइडच्या जागी ते देऊन पाहिलं, तिथेही जुनी गोळीच सरस ठरली. आजार उलटलेल्या रुग्णांमध्येही काही हाती लागलं नाही.

असं का व्हावं? निवोलुमॅब स्वतः गाठ मारत नाही. ते फक्त टी-पेशींचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारक पेशींचा, ब्रेक सोडतं. गाडीच जागेवर नसेल तर ब्रेक सोडून काय होणार? ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं, की या रुग्णांच्या रक्तात टी-पेशी कमी असतात, पण त्या मेलेल्या नसतात. हाडांच्या मगजात अडकून पडलेल्या असतात. शिवाय या गाठीत जनुकीय बदल तुलनेने थोडे, त्यामुळे परकेपणाच्या खुणाही थोड्या. त्यात आपलेच उपचार आड येतात. मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड लागतं. ते प्रतिकारशक्ती दाबतं. टेमोझोलोमाइड आणि रेडिएशन लिम्फोसाइट, म्हणजे टी-पेशींसारख्या रक्तातल्या प्रतिकारक पेशी, कमी करतात. ज्या फौजेच्या भरवशावर नवं औषध द्यायचं, तिलाच आपण अर्धपोटी ठेवतो.

म्हणून आता ‘कधी द्यायचं’ हा प्रश्न ‘काय द्यायचं’ याच्याइतकाच मोठा झाला आहे. २०१९ मध्ये आजार उलटलेल्या ३५ रुग्णांवर एक छोटी चाचणी झाली. पेम्ब्रोलिझुमॅब हे निवोलुमॅबसारखंच औषध दुसऱ्या ऑपरेशनच्या आधीपासून मिळालेले १३.७ महिने जगले, फक्त नंतर मिळालेले ७.५. गाठ जागेवर असताना टी-पेशींना शत्रू ओळखण्याची संधी मिळते, असा त्यामागचा तर्क. ऑस्ट्रेलियातले पॅथॉलॉजिस्ट रिचर्ड स्कोलियर यांनी २०२३ मध्ये स्वतःच्या गाठीवर हीच वाट धरली, ऑपरेशनआधी तीन औषधं घेतली. मार्च २०२५ मध्ये त्यांचा आजार उलटला. एका माणसावरून नियम काढता येत नाही, पण त्यांनी स्वतःच्या शरीरातून विज्ञानाला दिलेली माहिती मोठी आहे.

तेव्हा ताई, जमीन विकू नका. चाचणीबाहेर, नेहमीच्या उपचारांसोबत इम्युनोथेरपीचं औषध विकत घेण्याला आज पुराव्याचा आधार नाही. उलट ब्रेक सुटलेल्या पेशी थायरॉइडवर, आतड्यावर, फुप्फुसावर उलटू शकतात, आणि ते आवरायला पुन्हा स्टिरॉइडच द्यावं लागतं. कोणी सुचवलंच, तर ती नोंदणीकृत चाचणी आहे का ते विचारा आणि तिचा सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतला, क्रमांक मागा. गाठीच्या नमुन्याची एमजीएमटी तपासणी झाली आहे का, तेही पाहा. टेमोझोलोमाइड किती लागू पडेल याचा अंदाज त्यावरून येतो. टाटाच्या डॉक्टरांचं मत हवं असेल तर मुंबईला हेलपाटा नको, ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतून कागदपत्रं पाठवता येतात. रेडिएशन जयपूरमध्येच होईल. रोज घरी परतता येणं हीसुद्धा रुग्णाची ताकद असते. त्या तीस खेपांमधली एकही चुकवू नका. आणि डेक्सामेथासोन प्रतिकारशक्ती दाबतं हे इथे वाचलंत म्हणून ते आपल्या मनाने कमी किंवा बंद करू नका. ते अचानक थांबवणं धोक्याचं असतं, मात्रा डॉक्टरच हळूहळू उतरवतील.

पुढच्या आठवड्यात : आयआयटी मुंबईत जन्मलेली कार-टी पेशी रक्ताच्या कर्करोगात काय करते, आणि मेंदूतल्या गाठीत तिच्यापुढे कोणत्या अडचणी उभ्या राहतात.