अभिजात मोटारींच्या इंजिनाचा मूळ रंग : पुरावा आणि रंगजुळवणी

प्रस्तावना
जुनी मोटार मूळ स्वरूपात आणताना बाह्यांगाच्या रंगाची चिकित्सा कसोशीने होते; इंजिनाच्या रंगाबाबत मात्र बाजारात मिळणाऱ्या तयार डब्यावर विसंबण्याकडे कल असतो. वस्तुतः इंजिनाचा रंग हा त्या वाहनाच्या इतिहासाचा पुरावा असतो. हा पुरावा कसा वाचावा व जपावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रंग : एक ऐतिहासिक साधन
फोर्ड मस्टँगचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९६५ च्या मस्टँगमधील २८९ घनइंची सर्वसाधारण व्ही-८ इंजिनाचा मुख्य भाग काळा, तर व्हॉल्व्ह कव्हर व एअर क्लीनर सोनेरी असे. १९६६ च्या मॉडेलपासून कंपनीने निळा रंग सरसकट स्वीकारला. त्यामुळे १९६५ च्या गाडीत निळे इंजिन आढळल्यास ते बदललेले आहे की पुन्हा रंगवलेले, हे ओतकामावरील क्रमांक व दिनांकसंकेत यांवरून तपासावे लागते.

मूळ छटेचा शोध
आज दिसणारी छटा ही कारखान्यातील छटा असेलच असे नाही. उष्णता व तेल यांमुळे रंगातील बंधक द्रव्य पिवळसर होते. परिणामी निळा रंग हिरवट, तर नारिंगी रंग तपकिरी भासतो. एक्झॉस्टलगतचा रंग तर जळूनच जातो. म्हणून नमुना घ्यावयाचा तो आधारपट्ट्या व कंस यांच्याखालील झाकलेल्या जागेतून. तेथील तेलकटपणा सौम्य द्रावकाने काढावा आणि लहानशा भागात एकेक थर हलकेच घासून रंगांचा क्रम नोंदवावा. सर्वांत खालचा रंग कदाचित अस्तराचा असेल, हेही ध्यानात ठेवावे.

जुळवणीतील अडचण
जुन्या पिवळ्या-नारिंगी रंगांत शिसेयुक्त क्रोमेट रंगद्रव्ये प्रचलित होती. आज त्यांच्या जागी बहुधा अन्य रंगद्रव्ये वापरली जातात. रंगद्रव्ये भिन्न असल्यास दोन नमुने सूर्यप्रकाशात एकरूप दिसूनही विजेच्या दिव्याखाली वेगळे दिसू शकतात. यालाच रंगविज्ञानात मेटामेरिझम म्हणतात. यास्तव वर्णपटमापकाने घेतलेल्या मोजमापाला किमान दोन प्रकारच्या प्रकाशांतील प्रत्यक्ष तुलनेची जोड द्यावी. नवा रंग प्रथम धातूच्या पट्टीवर लावून, तापवून, थंड झाल्यावरच पारखावा. चकाकीही पडताळावी, कारण चकाकी बदलली की तोच रंग अधिक गडद वा फिका वाटतो.

निष्कर्ष
संपूर्ण इंजिन खरवडून काढल्यावर रंगाचा शोध घेणे म्हणजे साक्षीदार गमावल्यावर चौकशी आरंभणे होय. जेथे तर्कावर विसंबावे लागते तेथे पुनःस्थापन थांबावे, हे वास्तुवारशासंबंधीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेतील तत्त्व येथेही मार्गदर्शक ठरते. छायाचित्रे व मोजमापांची नोंद ठेवणे आणि मूळ रंगाचा एक लहान तुकडा अस्पर्शित राखणे, एवढी दक्षता घेतली तरी आजच्या जुळवणीतील चूक उद्याच्या अभ्यासकास दुरुस्त करता येईल.