दम वाढला, पण नडगी तयार आहे का? क्रांती चौकातल्या धावणाऱ्यांकडून शिकण्यासारखा धंद्याचा एक हिशोब



एकदा पहाटे साडेपाचला क्रांती चौकात उभं राहून बघा. जालना रोड रिकामा असतो. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यासमोर, रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात, काही माणसं बुटाच्या नाड्या आवळत असतात. कुणी छावणीकडे निघतं, कुणी गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाकडे, तर कुणी विद्यापीठ आणि गोगाबाबा टेकडीच्या दिशेने. चार तासांनी याच चौकात सिग्नलला पाय टेकवायला जागा नसते. तोवर यातले काही जण पैठण गेट, गुलमंडी, उस्मानपुऱ्यात आपापल्या दुकानाचं शटर वर करत असतात, काही वाळूज नाहीतर चिकलठाणा एमआयडीसीच्या वाटेवर असतात.

हौशी धावणं आता आपल्याकडे चांगलंच रुजलंय. आपल्या शहरात लोकमत महामॅरेथॉन होते. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून आहे, मुंबई मॅरेथॉन तर २००४ पासून लोकांना पहाटे उठवतेय. यात पदकासाठी धावणारे थोडे. बाकी सगळे तुमच्या-आमच्यासारखे, कामधंदा सांभाळून धावणारे.

आज धावण्याबद्दल बोलू. पण धंद्याच्या चॅनलवर हा विषय का, तेही पुढे कळेल.

दुखापत नेमकी कधी होते?

नवीन माणूस धावायला लागला की पहिल्या आठवड्यात फार काही बिघडत नाही. पाय भरून येतात, दम लागतो, एवढंच. खरी दुखापत बऱ्याचदा पाचव्या, सातव्या, आठव्या आठवड्यात होते. म्हणजे सगळं छान चाललेलं असताना!

याचं कारण समजून घ्या, कारण सगळा मुद्दा इथेच आहे.

शरीरात दोन गोष्टी वेगवेगळ्या वेगाने तयार होतात. एक इंजिन आणि दुसरं चेसिस. इंजिन म्हणजे हृदय, फुप्फुसं, रक्त. नियमित धावलं की दोन-चार आठवड्यांत फरक जाणवतो. ज्या चढावर जीव जायचा, तिथे आता गप्पा मारता येतात. चेसिस म्हणजे हाडं, स्नायूबंध, टाचेच्या वरची ती जाड शीर. यातल्या स्नायूबंधांना आणि शिरेला रक्तपुरवठा कमी, म्हणून त्यांचं काम सावकाश चालतं. हाडाचं तर आणखी वेगळं आहे. ताण पडला की शरीर आधी जुनं हाड थोडं खरवडून काढतं आणि मग तिथे नवीन, मजबूत हाड भरतं. या सगळ्याला तीन-चार महिने लागतात. म्हणजे मधले काही आठवडे हाड आधीपेक्षा थोडं कच्चंच असतं.

आता गंमत बघा. धावताना प्रत्येक पावलाला तुमच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट भार पायावर येतो. पाच किलोमीटरमध्ये अशी पाच हजारांच्या वर पावलं पडतात. इंजिन म्हणतं, "अजून पळू." चेसिस अजून तयार नसतं, पण ते बोलत नाही. ते एकदम दुखायलाच लागतं. नडगी, गुडघ्याची वाटी, टाच, घोट्यामागची शीर, नवशिक्यांच्या तक्रारी बहुतेक याच चार जागांच्या असतात.

धंद्यात हेच कसं होतं?

समजा, तुम्ही डब्यांचा व्यवसाय करताय. रोज ४० डबे जातात, लोक खूश आहेत. एके दिवशी एमआयडीसीतल्या एका कंपनीची ऑर्डर येते. रोज १५० डबे, ८० रुपयांना एक, पैसे ४५ दिवसांनी. घरात पेढे वाटले जातात.

आता कागद घ्या. एका डब्याचा खर्च ६० रुपये धरला तर १५० डब्यांचे रोजचे ९,००० रुपये. ४५ दिवसांत कामाचे ३८ दिवस धरले तर ३ लाख ४२ हजार रुपये आधी तुमच्या खिशातून जाणार. शिवाय मोठी भांडी, जादा गॅस, पोळ्या लाटायला दोन बायका, डबे पोचवायला माणूस. ऑर्डर फायद्याचीच आहे, डब्यामागे २० रुपये सुटतात. तरी तिसऱ्या आठवड्यात किराणावाला उधारी बंद करतो आणि चौथ्या आठवड्यात डबे उशिरा जायला लागतात.

विक्री म्हणजे इंजिन. ती पटकन वाढते. भांडवल, माणसं, पद्धत, उधारीची शिस्त हे चेसिस. ते सावकाश वाढतं. बरेच छोटे धंदे मंदीत टिकून राहतात आणि पहिल्या मोठ्या ऑर्डरच्या ओझ्याखाली मोडतात, ते यामुळेच.

म्हणून ज्यांना धंदा सुरू करायचाय त्यांना मी म्हणतो, आधी तीन महिने धावून बघा. हा हिशोब पुस्तकातून वाचून डोक्यात बसतो. धावून बघितलं की अंगात बसतो.

आष्टीच्या मुलाचे वीस सेकंद

सावकाश वाढणं म्हणजे मागे राहणं, असं वाटत असेल तर आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण घ्या. अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनलाही त्याची ड्युटी होती. स्पर्धेचं धावणं त्याने सुरू केलं ते सैन्यात गेल्यावर.

३,००० मीटर स्टीपलचेस ही त्याची शर्यत. साडेसात फेऱ्या, २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटं २९.८० सेकंदांत ही शर्यत पूर्ण केली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. मग तो स्वतःचाच विक्रम मोडत गेला. २०१९ मध्ये दोह्याला ८:२१.३७. टोकियो ऑलिम्पिकला ८:१८.१२. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० आणि रौप्यपदक. सुवर्णपदक फक्त ०.०५ सेकंदांनी हुकलं! २०२४ च्या जुलैत पॅरिसला ८:०९.९१.

हिशोब केला तर सहा वर्षांत जवळपास वीस सेकंद. वर्षाला साधारण साडेतीन सेकंदही नाहीत. पण दरवेळी थोडं थोडं वाढत तो ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचला. या शर्यतीत तिथवर गेलेला तो पहिला भारतीय पुरुष.

आणि दुखापत त्यालाही चुकली नाही. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीला तो पडला, गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली, त्या वर्षीची जागतिक स्पर्धा गेली. पण त्याच्या मागे सैन्य आहे, डॉक्टर आहेत, फिजिओ आहेत. तुम्ही दीड महिना झोपलात तर दुकान कोण उघडणार? छोट्या धंद्यात मालकाला पगारी रजा नसते. तुमचा गुडघा हेच तुमचं खेळतं भांडवल आहे. म्हणून हौशी माणसाने खेळाडूपेक्षा जास्त जपून वाढवायचं असतं.

मग वाढवायचं कसं?

वय चाळिशीच्या पुढे असेल, बीपी-शुगर असेल, घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. मग हा बारा आठवड्यांचा साधा कार्यक्रम. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. आधी पाच मिनिटं चालायचं, मग तीस मिनिटं असं:

- आठवडा १ आणि २: १ मिनिट धावा, २ मिनिटं चाला
- आठवडा ३: २ मिनिटं धावा, २ मिनिटं चाला
- आठवडा ४: हलका, पहिल्या आठवड्यासारखा
- आठवडा ५ आणि ६: ३ मिनिटं धावा, २ मिनिटं चाला
- आठवडा ७: ४ मिनिटं धावा, १ मिनिट चाला
- आठवडा ८: पुन्हा हलका, पाचव्या आठवड्यासारखा
- आठवडा ९ आणि १०: ८ मिनिटं धावा, १ मिनिट चाला
- आठवडा ११: १२ मिनिटं धावा, १ मिनिट चाला
- आठवडा १२: सलग २५ ते ३० मिनिटं

वेग किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग कमी करा.

चौथा आणि आठवा आठवडा गाळायचा मोह सगळ्यांना होतो. "सर, मला तर काहीच त्रास नाही, पुढे जाऊ का?" नाही जायचं. त्रास नाही हे इंजिन सांगतंय. चेसिससाठीच तर तो आठवडा ठेवलाय.

बारा आठवड्यांनंतर एक नियम पाळा. गेल्या महिन्याभरातली तुमची सर्वात लांब धाव सहा किलोमीटरची असेल तर पुढची साडेसहाच्या आसपास. मित्रांच्या नादाने एकदम दहा नाही. ग्रुपमध्ये धावताना पाय मोडतात ते बहुतेक या नादानेच.

जागेचंही बघा. जालना रोडवर उजाडल्यानंतर धावू नका, आणि रस्त्यावर धावायचंच असेल तर समोरून गाड्या दिसतील अशा बाजूने धावा. उड्डाणपूल टाळा. सुरुवातीला क्रीडा संकुल नाहीतर विद्यापीठाचा परिसर बरा. गोगाबाबाचा चढ तीन महिन्यांनंतर. आणि मार्च ते जून आपलं ऊन विसरू नका. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर वेळ आणि वेग दोन्ही कमी ठेवा.

कोणत्या दुखण्याला थांबायचं?

१. दोन्ही पाय सारखे, पसरून दुखतात आणि दोन दिवसांत उतरतं: ही नुसती सवय नसल्याची दुखणी. चालतं.

२. एकाच पायात, सुरुवातीला दुखतं, धावताना थांबतं आणि थंड झाल्यावर पुन्हा येतं; किंवा सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाच बोंबलते: हा इशारा आहे. धावणं अर्ध्यावर आणा. दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर फिजिओथेरपिस्टकडे जा.

३. हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखते, साधं चालताना किंवा रात्रीही दुखते: धावणं त्याच दिवशी बंद. हाडाला बारीक चीर असू शकते. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

छातीत दुखणं, चक्कर, डाव्या हाताला कळ याला चौथा नंबर नाही. तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

तुमच्या रोजमेळासारखी एक वही ठेवा. तारीख, किती मिनिटं, कुठे काय दुखलं. तीन ओळी पुरे. उधारी जशी वहीत आधी दिसते आणि गल्ल्यात नंतर जाणवते, तशीच दुखापतही वहीत आधी दिसते.

बूट: पहिलं आणि जवळपास एकमेव भांडवल

दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. धावताना जे मोजे घालणार तेच घालून जा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, टाच आत घट्ट बसली पाहिजे. दोन्ही बूट घालून दुकानात चार पावलं पळून बघा. जो पहिल्या क्षणापासून पायाला बरा वाटतो तो घ्या. "वापरून सैल होईल" हे ऐकू नका.

कार्बन प्लेटचे महागडे बूट शर्यतीत वेळ कमी करण्यासाठी असतात. तुम्हाला आत्ता त्यांची गरज नाही. ऑर्डर नसताना मोठं मशीन घेऊन ठेवल्यासारखं होईल ते. एक जोडी साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकते. आठवड्याला १५ किलोमीटर म्हणजे वर्षाला साधारण ७५०, म्हणजे वर्षभराचा खर्च तुम्हाला आजच काढता येतो. सुती मोज्यांनी फोड येतात, ते मात्र बदला. घड्याळाचं नंतर बघू, फोन पुरतो.

शर्यतीचा दिवस

पहिली शर्यत ५ किलोमीटरची घ्या, मग १०. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, तिला किमान एक वर्ष द्या. छातीवरच्या नंबरात चिप असते आणि बहुतेक मोठ्या शर्यतींत तुमचा वेळ सुरुवातीच्या पट्टीवर पाय पडल्यावर सुरू होतो. त्यामुळे पुढे घुसायची गरज नाही. नवीन बूट, नवीन नाश्ता, नवीन जेल, त्या दिवशी नवीन काहीच नको. पहिला तिसरा हिस्सा मुद्दाम हळू काढा. लोक पुढे जातील, जाऊ द्या. पाणी तहानेप्रमाणे प्या, उगाच लिटरभर ढोसू नका. अति पाण्याने रक्तातलं मीठ उतरतं, आणि तेही धोक्याचं आहे.

आजचा गृहपाठ

एका कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा, गेल्या सहा महिन्यांत माझ्या धंद्यात काय वाढलं: गिऱ्हाईक, ऑर्डर, विक्री. उजवीकडे लिहा, त्याच काळात मी काय भक्कम केलं: हातातली रोकड, शिकवलेली माणसं, वसूल झालेली उधारी, लिहून ठेवलेली पद्धत. धंदा अजून सुरू व्हायचा असेल तर डावीकडे तुमची पहिल्या वर्षाची अपेक्षा लिहा आणि उजवीकडे आज हातात काय आहे ते.

डावी बाजू उजवीपेक्षा फार पुढे गेली असेल तर तुमच्या धंद्याचा चौथा आठवडा आलाय. एक महिना नवीन ऑर्डर न घेता उजवी बाजू भरा.

तुमच्या उजव्या बाजूला सगळ्यात कमी काय निघालं, ते व्हिडिओखाली कमेंटमध्ये लिहा. पुढच्या भागात त्यातल्याच तीन अडचणींचा हिशोब आकड्यांसकट मांडू.