संगणकाची रोजकीर्द

आपल्या सभासद-कुटुंबांतील पुष्कळ मुलेमुली हल्ली पेढीवर न बसता पुणे, बंगळूर, हैदराबाद येथील कंपन्यांत सॉफ्टवेअर लिहितात. वर्ष-दोन वर्षांत बहुतेकांची एकच तक्रार आमच्या कानी येते : "राबतो आम्ही, नाव कोणी घेत नाही."

तक्रार सर्वस्वी खोटी नव्हे. तथापि या धंद्यासही रोजकीर्द आहे. लिनस टॉरवल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलात 'गिट' ही व्यवस्था रचली. सॉफ्टवेअरमधील प्रत्येक बदल कोणी व केव्हा केला, हे तीत नावानिशी नोंदले जाते. शेजारी कारण लिहावयास जागा असते. नवखा तेथे 'दुरुस्ती केली' एवढेच खरडतो. कसली, कशासाठी, कोणाचे अडले होते, काही पत्ता नाही! निव्वळ 'किरकोळ खर्च' लिहिणाऱ्या गुमास्त्याच्या हाती आपल्या वाडवडिलांनी तिजोरीची किल्ली दिली असती काय? उलट चार ओळींत कारण मांडणाऱ्याची नोंद पुढे कोणी अनोळखी वाचतो आणि "हा कोण?" म्हणून चौकशी करतो.

खुद्द गिटचीच धुरा टॉरवल्ड्सांनी त्याच वर्षी जुलैत ज्युनिओ हमानो यांच्याकडे सोपविली. हमानो तोवर तीत दुरुस्त्या पाठवीत होते. त्याच त्यांच्या शिफारसपत्राच्या ठिकाणी होत्या.

चूक झाल्यास मात्र दडवू नये. सदोष ओळ कोणाची, हे एका आज्ञेसरशी उघड होते. वरिष्ठांनी शोधण्यापूर्वीच आपण सांगावे. वर्षातून एकदा क्षमावणी करणाऱ्या घरच्या मुलांस हे जड जाऊ नये, असे आम्हांस वाटते.