इंदूरचा प्रकाश, रायपूरचे प्रश्न

राजनांदगावहून दक्षिणेला, गडचिरोलीच्या दिशेनं गेलं की अंबागड चौकीचा पट्टा लागतो. छत्तीसगडमध्ये हे नाव पाण्यामुळे गाजलं. कौडीकसा आणि आसपासच्या गावांतल्या विहिरी-हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचं गेल्या शतकाच्या अखेरीस समोर आलं. दिसायला नितळ पाणी. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांच्या तळहातांवर मात्र टणक गाठी. पाण्यात आर्सेनिक किती, हे रायपूरच्या प्रयोगशाळेत मोजता येईल. पण मातीच्या कणावर किंवा गाळणीतल्या लोहावर ते नेमकं कोणत्या रूपात चिकटलं आहे? हे थेट पाहायला लागणारा प्रखर क्ष-किरणांचा झोत देशात एकाच ठिकाणी मिळतो : इंदूरच्या ‘इंडस-२’ या सिंक्रोट्रॉनमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन कड्यात फिरवून प्रकाश मिळवणाऱ्या यंत्रात.

होळकरांच्या सुखनिवास तळ्याच्या परिसरात १९८४ साली प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली. इंदूरकर आजही त्याला इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘कॅट’च म्हणतात, २००५मध्ये त्याला अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णांचं नाव दिलं गेलं. सागरला जन्मलेले लेसरतज्ज्ञ डॉ. दिलीप देवीदास भवाळकर हे केंद्राचे संस्थापक संचालक. त्यांच्याच कारकिर्दीत, १९९९ साली, देशातला पहिला सिंक्रोट्रॉन ‘इंडस-१’ सुरू झाला. तेव्हा रायपूर आणि इंदूर एकाच राज्यात होते. ‘इंडस-२’च्या कड्यात इलेक्ट्रॉन फिरू लागले ते २००५मध्ये.

चिखलातून भरधाव जाणाऱ्या चाकावरून शिंतोडे उडावेत, तसा वळणाऱ्या इलेक्ट्रॉनमधून प्रकाश सुटतो. १९४७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या यंत्रात तो पहिल्यांदा डोळ्यांना दिसला. कण वेगवान करणाऱ्यांच्या दृष्टीनं ती ऊर्जेची गळती होती. पुढे त्या गळतीसाठीच यंत्रं बांधली जाऊ लागली.

इंदूरला इलेक्ट्रॉनांचा प्रवास मायक्रोट्रॉनमध्ये सुरू होतो. तिथे त्यांना २० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जा मिळते, बूस्टरमध्ये ती ५५० एमईव्हीपर्यंत चढते आणि मग ते १७२ मीटर परिघाच्या मुख्य कड्यात शिरतात. तिथे ऊर्जा २.५ जीईव्हीवर (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) नेली जाते. या कड्यात इलेक्ट्रॉन सेकंदाला सतरा लाखांहून अधिक फेऱ्या मारतात. सोळा मोठे चुंबक त्यांना वळवतात आणि प्रत्येक वळणावर क्ष-किरण बाहेर पडतात. हवेच्या रेणूंवर आपटून झोत विरू नये म्हणून नळीत जवळजवळ संपूर्ण निर्वात राखावा लागतो. प्रकाशात खर्ची पडलेली ऊर्जा रेडिओलहरींनी दर फेरीला भरून द्यावी लागते. या कामासाठी आधी क्लायस्ट्रॉन नावाच्या निर्वात नळ्या होत्या. त्यांची जागा केंद्रातच तयार झालेल्या सॉलिड स्टेट अ‍ॅम्प्लिफायरनी घेतली. त्यात अनेक छोट्या मॉड्यूलांची शक्ती एकत्र केलेली असते, त्यामुळे एखादं मॉड्यूल बिघडलं तरी झोत चालू राहतो.

कड्याभोवती बीमलाइन, म्हणजे क्ष-किरण प्रयोगापर्यंत नेणाऱ्या वाटा, आहेत. एकीवर प्रथिनांचे स्फटिक तपासतात, दुसरीवर मिश्रधातू, तिसरीवर वस्तूच्या आतलं चित्र घेतात. आर्सेनिकसाठी जावं लागेल ते शोषण-वर्णपटाच्या बीमलाइनवर. वाळवलेली माती खलात बारीक घोटायची, दाबयंत्रात तिची नाण्याएवढी टिकली करायची आणि पिवळसर कॅप्टॉन टेपनं चौकटीवर चिकटवायची. शिशाच्या कवचाची खोली रिकामी असल्याची खात्री करून दार बंद केलं की मगच झडप उघडते. पुढचं सगळं काम बाहेर, संगणकासमोर. सिलिकॉनच्या दोन स्फटिकांची जोडी किंचित किंचित वळवत क्ष-किरणांची ऊर्जा वाढवली जाते. ११,८७० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आर्सेनिक एकदम शोषू लागतं आणि पडद्यावर आलेखाची रेघ उभी चढते. त्रिसंयुजी आर्सेनिकची चढण आधी येते, पंचसंयुजीची साधारण चार इलेक्ट्रॉनव्होल्ट पुढे.

अकरा हजारांत चार, पण गावाच्या पाण्याचा निकाल त्यावर ठरतो. त्रिसंयुजी आर्सेनिक अधिक विषारी असतं आणि साध्या पाण्यात त्यावर विद्युतभार नसल्यानं लोहाची गाळणी ते नीट धरत नाही. आधी त्याचं ऑक्सिडीकरण करावं लागतं. हे न तपासता बसवलेली गाळणी दिसायला चालू असते आणि विष पुढे जात राहतं.

निकाल प्रसिद्ध करणाऱ्या विद्यापीठीय संशोधकांना इथे बीम टाइमसाठी शुल्क पडत नाही. प्रस्ताव लिहायचा, तो तज्ज्ञांच्या समितीनं मान्य करायचा आणि मिळालेल्या पाळीत, मग ती मध्यरात्रीची का असेना, काम उरकायचं. मला या यंत्राचं सर्वांत मोठं मोल इथे दिसतं. कोणत्याही एका विद्यापीठाला न परवडणारं साधन सगळ्यांसाठी खुलं आहे.

जग पुढे गेलं आहे. स्वीडनमधल्या लुंडच्या ‘मॅक्स-४’नं २०१६मध्ये सिंक्रोट्रॉनांच्या चौथ्या पिढीची वाट उघडली, तिथला झोत कितीतरी बारीक आणि तेजस्वी आहे. इंदूरच्या शास्त्रज्ञांनीही ६ जीईव्हीच्या नव्या स्रोताचा आराखडा मांडला आहे. तो उभा राहायलाच हवा. पण त्याची वाट बघत बसण्याचं कारण नाही. रायपूर, बिलासपूर, नागपूर, गडचिरोली इथल्या रसायन आणि भूशास्त्र विभागांतल्या मुलामुलींना एम.एस्सी.च्या वर्षातच प्रस्ताव लिहायला आणि वर्णपट वाचायला शिकवलं, तर आज चालू असलेलं यंत्रच त्यांच्या कामी येईल. पाण्याचा, खनिजांचा, आजारांचा प्रश्न ज्यांच्या गावात आहे, त्यांनीच तो घेऊन इंदूरला जावं.