खेळाडूचे मन आणि त्याची ओळख

समुपदेशन मानसशास्त्र ही शाखा माणसाला रोगी न मानता ताण, नाती आणि आयुष्यातले निर्णय यांविषयी त्याच्याशी संवाद साधते; खेळाडूच्या बाबतीत मात्र तिला हार-जितीचे दडपण मोजून भागत नाही, कारण तो कोणत्या घरचा म्हणून ओळखला जातो हेही त्या दडपणात मिसळलेले असते. अमेरिकेत क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरन्सन यांनी १९९५ मध्ये दाखवले की, आपल्या समाजाविषयीचा हीन समज आपल्या हातून खरा ठरेल या धास्तीनेच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची कामगिरी घसरू शकते. पुढे हाच परिणाम मैदानावरही तपासला गेला.

भारतात वंशाच्या जागी जात येते. चर्मकार समाजातील डावखुरे फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पुण्यात मात्र सहकारी आत कपबशीतून चहा पीत, तेव्हा बाळूंना तो बाहेर मातीच्या भांड्यात दिला जाई. अशा अपमानाची नोंद धावफलकावर होत नाही. १९२० मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी जातीवरून होणाऱ्या अन्यायाच्या निषेधार्थ हिंदू क्रिकेट संघातून अंग काढून घेतले आणि १९२३ मध्ये विठ्ठल त्याच संघाचे कर्णधार झाले, यावरून स्वाभिमान हाही मानसिक आरोग्याचा आधार असतो हे मान्य करावे लागते. हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामना गमावल्यानंतर हॉकीपटू वंदना कटारिया यांच्या घरासमोर जातिवाचक शिवीगाळ झाल्याची तक्रार पोलिसांत नोंदली गेली.

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात या विषयाला आणखी एक पदर आहे, कारण वाडी-तांड्यांवरच्या अनेक मुलांसाठी मैदान म्हणजे पदकापेक्षा पोलीस भरती असते, आणि १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे व गोळाफेक यांच्या गुणांवर साऱ्या घराची आशा टांगलेली असते. खेळाडू हीच आपली एकमेव ओळख मानणाऱ्याचा गुडघा दुखावला किंवा वयोमर्यादा उलटली, तर नोकरीबरोबर ‘मी कोण’ या प्रश्नाचे उत्तरही हातचे जाते, आणि समाजाच्या नावाने टोमणे ऐकत वाढलेल्या मुलाला हा धक्का दुहेरी बसू शकतो. ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक अडचणीच्या वेळी उपयोगी आहेच, पण परभणीसारख्या जिल्ह्यातील मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रश्नावलीत झोप आणि भूक यांच्या जोडीला सरावात, वसतिगृहात, पंगतीत कशी वागणूक मिळते हेही विचारले पाहिजे, आणि तांड्यावरच्या मुलाशी शक्यतो गोरमाटी या बंजारा बोलीतच बोलले पाहिजे.