कारखान्याचे छायाचित्र

देवळाचे अथवा राजवाड्याचे छायाचित्र काढणाऱ्यास दर्शनी बाजू शोधावी लागत नाही. बांधणाऱ्यानेच ती ठरवून ठेवलेली असते. कारखान्याचे तसे नाही. शिवाय शहरातल्या जुन्या गिरणीपुढे मागे सरायला जागाही नसते. मग मनुष्य कॅमेरा वर करून तिरपा धरतो, आणि चित्रात धुराडे मागे कलते, भिंती माथ्याशी एकमेकींकडे झुकतात. दोष इमारतीचा नव्हे. कॅमेऱ्यातील फिल्म भिंतीशी समांतर राहिली नाही, एवढेच. भात्याच्या मोठ्या कॅमेऱ्यात फिल्म उभीच ठेवून नुसते भिंग वर सरकविता येते. समोरची गच्ची किंवा शिडी मिळाली, तर काम आणखी सोपे होते.

बेर्न्ड बेशर (१९३१–२००७) व हिला बेशर (१९३४–२०१५) या जर्मन दांपत्याने ही शिस्त आयुष्यभर पाळली. १९५९ पासून दोघांनी मिळून पाण्याच्या व वायूच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरील मनोरे टिपले. कडक उन्हात लोखंडी सांगाड्यावर सावल्यांच्या रेघा उमटतात. तुळई कोणती आणि सावली कोणती, हे उमगत नाही. म्हणून ती दोघे ढगाळ दिवसाची वाट पाहत. ही चित्रे कोणास रुक्ष वाटतील. पण इमारतीचा सांधा न् सांधा त्यांत वाचता येतो.

त्याचे मोल डॉर्टमुंड शहरात दिसून आले. तेथील त्सोलर्न ही कोळशाची खाण १९६६ मध्ये बंद पडली. तिची यंत्रशाळा विसाव्या शतकाच्या आरंभीची. ब्रूनो म्योरिंग या वास्तुशिल्पज्ञाने तिचे रूप घडविले होते: लोखंडी सांगाड्यात वीट व काच, प्रवेशद्वारी रंगीत काचांची वळणदार नक्षी, आत विजेच्या मापकांचा संगमरवरी फलक. कोळशाच्या खाणीला इतका थाट! तरीही ती पाडायचे घाटत होते. काही वास्तुतज्ज्ञ व कलावंत तिच्या रक्षणास उभे राहिले. त्यांत बेशर दांपत्यही होते. १९६९ च्या अखेरीस शासनाने तिला संरक्षण दिले. जर्मनीत औद्योगिक वास्तूचे असे जतन तेथूनच सुरू झाले, असे मानतात. पुढे १९७७ मध्ये या खाणीवर बेशरांच्या छायाचित्रांचे पुस्तकही निघाले.

आता तेथे संग्रहालय आहे. मूळचे मनोरे मात्र आधीच मोडीत गेले होते. आवारात आज दिसणारे दोन मनोरे इतर खाणींवरून आणून उभारलेले आहेत, आणि नवख्या छायाचित्रकाराच्या नजरेत प्रथम तेच भरतात.